पांढऱ्या सुपातलं मीठ

लग्नानंतर माझ्या हातचं पहिलं जेवण जेवून आमच्या ह्यांनी जे पहिलं वाक्य उच्चारलं ते होतं, "मीठ कमी हाय." कौतुकाचा एक शब्द नाही. नवी नवरी मी, सासरच्या चुलीपुढे पहिल्यांदाच उभी राहिलेली. आणि हा माणूस ताटाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ चिमटीने उचलून कालवणात टाकतोय आणि मान वर न करता सांगतोय, मीठ कमी हाय. असा राग आला होता ना! माझं माहेर उरणकडचं, वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या मिठागरात राबण्यात गेला. मीठ किती घालायचं हे मला शिकवणारा हा कोण लागून गेला, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण नवीन होते, गप्प बसले.

पुढे काही गप्प बसले नाही. हे शिपवर होते, इंजिन रूममध्ये. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मग सुट्टीला घरी. घरी आले की मी चार दिवस आधीपासून तयारी करायची. बाजारातून चांगली पापलेटं, ह्यांना आवडतात म्हणून तांदळाच्या भाकऱ्या, सगळं साग्रसंगीत. आणि पहिला घास घेतला की झालं, "मीठ कमी हाय." मी म्हणायची, "तो तुमचा बोटीवरचा रांधणारा भंडारी काय मिठाच्या गोणीत झोपवतो तुमाला?" ते हसायचे, ताटातलं मीठ घ्यायचे आणि जेवायचे. सगळं चाटून पुसून जेवायचे, हेही सांगायला पाहिजे. पण बरोबर झालंय असं म्हणायचे नाहीत. मी मुद्दाम एखाद्या दिवशी मूठभर जास्त टाकलं तरी कमीच! तेव्हा मला कळलं की ही त्यांची सवय आहे, मिठाशी तिचा काही संबंध नाही. तरी प्रत्येक वेळी मी चिडायची आणि माझं चिडणं बघायला त्यांना गंमत वाटायची.

सासरच्यांचीही पूर्वी मिठागरं होती. आता त्या जागेवर न्हावा शेव्याचे कंटेनर एकावर एक रचलेले असतात आणि आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याबद्दल मला रडायचं नाही. ज्यांना रडायचं होतं ते रडून झाले.

मला सांगायचंय ते सुपाबद्दल. कोरियात बुसान म्हणून बंदर आहे. ह्यांची बोट तिथे अनेकदा लागायची. बंदराबाहेरच्या गल्लीत एका म्हातारीचं छोटंसं हॉटेल होतं, तिथे हे आणि त्यांचे सोबती सूप प्यायला जायचे. हाडं रात्रभर उकळून केलेलं, दुधासारखं पांढरं सूप. कुणाची हाडं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. पण त्यांना खरं कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हातारी ते सूप अळणी आणून ठेवायची! मिठाचा कण नाही. मीठ टेबलावर वाडग्यात, आणि बाजूला मिठात मुरवलेला बारीक जवळा. ज्याने त्याने आपल्या जिभेला लागेल तेवढं घालून घ्यायचं.

"मग ती म्हातारी करते काय?" मी म्हणायची. "मीठ घालायचं काम गिऱ्हाइकानं करायचं, तर ती आचारी कसली?"

"तुला नाय कळायचं," ते म्हणायचे. "पयला चमचा तसाच प्यायचा. म्हनायचा मीठ कमी हाय. मग थोडा घालायचा. परत प्यायचा. अजून थोडा. मग बरोबर येतं. एकदा नेईन तुला."

प्रत्येक सुट्टीत ही गोष्ट. हाताने वाडगा धरल्याची, मीठ घातल्याची, ढवळल्याची सगळी ॲक्शन करून. मुलगी लहान असताना तिला ती पाठ झाली होती. "बाबा, मग बरोबर येतं ना?" असं तीच आधी म्हणायची. मी मात्र मनात म्हणायची, खलाशाच्या बायकोला बुसानला कोण नेतोय! आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला निघून जायची.

मग गालाला आतून जखम झाली. इंजिन रूममध्ये बिडी-सिगारेट ओढता येत नाही, म्हणून सगळे गालात तंबाखू धरतात. ह्यांनीही धरली, वर्षानुवर्षं धरली. जखम भरेना, तपासायला तुकडा पाठवला, आणि मग जे व्हायचं ते झालं. ऑपरेशन झालं. नंतर किरणांचे शेक. तिथे सगळे त्याला शेकच म्हणतात, जणू पाठ धरली म्हणून गरम पिशवी लावतायत. शेक संपेपर्यंत तोंड आतून सोलून निघालं होतं. जबडा उघडायचा तो जेमतेम दोन बोटं. लाळ आटली. आणि जिभेची चव गेली ती गेलीच.

डॉक्टर म्हणाले, काहींची परत येते, काहींची नाही, वेळ द्या. आम्ही वेळ दिला. मी रोज काय काय केलं म्हणून सांगू! पेज केली, वरण केलं, माशाचं पाणी काढून दिलं, लापशी केली, मिक्सरमध्ये घालून घालून मिक्सर जाळला. ते दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे. म्हणायचे, "लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखा लागतो. तुझ्या हाताची चूक नाय." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाताची चूक नाही म्हणाले, आणि मला ते ऐकवेना.

एक दिवस वरणात मीठ घालायचं माझ्याकडून राहून गेलं. मी तीन ठिकाणी धावत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या दिवशी ह्यांनी अर्धी वाटी घेतली, म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात मुलगी ऑफिसातून आली, वरण-भाताचा घास तोंडात घातला आणि ओरडली, "आई, यात मीठच नाहीये!" मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण बोलून झालं होतं. ह्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नव्हतं काय?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी अर्धी वाटीही सोडली. त्यांना बहुतेक अजून वाटत होतं की थोडंफार कळतंय. ते वाटणंही गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. तेव्हापासून मी एकाच वाक्याची वाट बघत होते. ज्या वाक्यावर मी सगळ्या संसारभर चिडले, ते त्यांनी एकदा म्हणावं. मीठ कमी हाय म्हणावं. म्हणजे मला कळेल की जीभ जिवंत आहे.

वजन उतरत चाललं. पँटला दोरी बांधायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, येत्या सोमवारी आणा, आणखी उतरलं असेल तर पोटाला छोटंसं भोक पाडून नळी घालू, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं, नाहीतर हे टिकणार नाहीत. वॉर्डात ह्यांनी शेजारच्या खाटेवर तसा माणूस पाहिला होता. त्याची बायको सिरींजने त्याच्या पोटात दूध ढकलायची. ह्यांनी मला तिथेच सांगितलं होतं, "मी नळी घालून घेनार नाय. मानूस तोंडानं जेवतो. नळीनं झाडाला पानी घालतात." मी भांडले, मुलगी भांडली, माझ्या दिराने येऊन समजावलं. नाय म्हणजे नाय. आता माझ्या हातात तेवढे दिवस होते. त्यात जीभ उघडली, खायला लागले, तर ठीक. नाहीतर नळी घालू देणार नाहीत आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळून जातील. जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि अशात एका सकाळी ते स्वतःहून म्हणाले, "बुसानचं सूप असतं तर प्यायलो असतो."

कित्येक दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. आणि मागितलं तेही काय, तर बुसानचं सूप! मी कपाळावर हात मारला. पण मुलीने लगेच मोबाईल काढला. ती कोरियन सिरियली बघते, तिला सगळं ठाऊक असतं. म्हणाली, "आई, आपल्या पनवेलमध्येच कोरियन हॉटेल उघडलंय. मेनूत पांढरं सूप आहे. मीठ वेगळं देतात असंही लिहिलंय." मला खरंच वाटेना. इथे, पनवेलमध्ये? कोण खातं? पण होतं.

अडचण एवढीच की श्रावण चालू होता. आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा येत नाही. मी सोळाव्या वर्षापासून पाळतेय, बाळंतपणातसुद्धा मोडला नाही. मुलगी म्हणाली, बाबा पितील, तू नुसती बस. पण मला माहीत होतं, हे एकटे पिणार नाहीत. "एकदा नेईन तुला" असं म्हणत होते ना? मग मला समोर बसून प्यावं लागणार. देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि देवाला स्पष्ट सांगितलं, तू तुझं काम केलं असतंस तर माझ्यावर ही वेळ आली नसती, आता मोडतेय ते बघ आणि गप्प राहा.

मुलीला सुट्टी नव्हती. आम्ही दोघंच दुपारी रिक्षाने निघालो. रस्त्याबद्दल काय बोलायचं! प्रत्येक खड्ड्याला हे जबडा हाताने धरत होते आणि मी रिक्षावाल्यावर ओरडत होते. तो बिचारा म्हणाला, "मावशी, खड्डा मी नाय केला."

हॉटेल पहिल्या मजल्यावर, खाली मोबाईलचं दुकान. जिना चढताना हे दोनदा थांबले. आत गेलो तर गुलाबी भिंती, छताला कापडी फुलं लटकवलेली आणि सगळीकडे गोऱ्या गोऱ्या पोरांचे फोटो. पोरं की पोरी हेही मला नीट कळेना. आणि हॉटेल पार रिकामं. एक माणूस नाही. श्रावणात आमच्याकडे बाहेरचं मटण-मच्छी कोण खातंय, असली हॉटेलं महिनाभर माशा मारत बसतात. भिंतीला ओल आली होती आणि सगळीकडे दमट वास मारत होता.

एक चपट्या नाकाची गोड मुलगी मेनू घेऊन आली. ह्यांनी तिला कोरियन भाषेत दोन शब्द ऐकवले, बंदरावर शिकलेले. ती गोंधळून हसली. "अंकल, मैं मणिपूर से हूँ," म्हणाली. हेही हसले, जेवढं जबड्याने हसू दिलं तेवढं. मग हिंदीत सांगितलं, दोन पांढरी सुपं. "हड्डी किस का?" मी विचारलं. चिकन म्हणाली. चला, तेवढं तरी कळलं.

सूप यायच्या आधी तिने लहान लहान वाट्या आणून मांडल्या. एकीत लाल कोबी. त्याचा वास आला आणि मी तोंड फिरवलं. सरळ नासलेला वास होता. आपण कोबीची भाजी दुसऱ्या दिवशी गॅसवर विसरलो तर असा येतो, आणि ती आपण फेकून देतो. हे लोक मिरची लावून वाढतात! "हे खायचं?" मी म्हटलं. "फुकट दिलंय म्हणून काय झालं?"

"हेच ते," ते म्हणाले. "खाऊन बघ."

समोर स्टीलच्या चपट्या काड्या होत्या. मी त्या मेनूवाल्या मुलीकडे चमचा मागणार, तेवढ्यात ह्यांनी काड्या उचलल्या. बोटांत अशा काही बसल्या त्या! एका झटक्यात कोबीची घडी उचलली आणि माझ्या बशीत ठेवली, एक थेंब सांडला नाही. मी बघतच राहिले. इतकी वर्षं ह्यांच्याशी संसार केला, ह्या हातांना पाने-हातोड्या धरताना, पोरीला उचलताना, ताटातलं मीठ चिमटीने घेताना पाहिलं, पण हे काड्या धरतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचं अर्धं आयुष्य असं कुठेतरी होऊन गेलं होतं आणि मी त्यात नव्हते.

कोबी खाल्ला. आंबट, तिखट, नाकात गेला. आणि गिळून झाल्यावर खालून दुसरीच चव वर आली. मी थबकले.

"अवो, जवळा हाय ह्यात!"

"मी सांगत नव्हतो?" ते म्हणाले, आणि असे खूश झाले जसा तो कोबी त्यांनीच मुरवलाय. "तिथं बसलो की घरची आठवन यायची. उगाच नाय जायचो."

त्यांना स्वतःला तो खाता येणार नव्हता. मिरचीचा एक कण लागला तरी तोंडात आग व्हायची. ते मला खाताना बघत होते आणि मी श्रावणात जवळा घातलेला कोबी खात होते. काही का असेना, ते बघत होते. घरी तर जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटलं, आज काहीतरी होईल. खरंच वाटलं.

मग सूप आलं. दोन जड काळे वाडगे, वाफाळणारे. सांगितलं होतं तसंच पांढरं. मिठाचा वाडगा मात्र नव्हता. टेबलाच्या कडेला काचेची बाटली होती, वर स्टीलचं भोकाभोकाचं झाकण, आपल्याकडे सगळ्या हॉटेलात असते तशी. "तिथं वाडग्यात असायचं," ते म्हणाले. "चालंल."

वाफ जिरेपर्यंत थांबले. तिथला रुंद चमचा जबड्यात जाईना म्हणून वाडगाच तोंडाला लावला आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. वाडगा खाली ठेवला.

"मीठ कमी हाय."

देवा! मी टेबलाची कड घट्ट धरली. ओरडू की रडू असं झालं. किती महिन्यांनी ऐकत होते मी ते वाक्य! त्यांनी बाटली उचलली, वाडग्यावर उलटी करून हलवली, चमच्याने ढवळलं, परत घोट घेतला.

"अजून थोडा पाहिजे."

परत बाटली हलवली. परत ढवळलं. परत घोट. ह्या वेळी घोट तोंडात थोडा वेळ धरून ठेवला, मग गिळला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बरोबर हाय."

"बरोबर? खरंच बरोबर?"

"सांगतो ना. बरोबर हाय."

आमच्या लग्नानंतर हा शब्द मिठाच्या बाबतीत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसायच्याही भानगडीत पडले नाही. मनात सगळं धडाधड सुरू झालं. संध्याकाळी मऊ भात आणि पातळ कालवण. उद्या अंड्याचं काहीतरी, श्रावण गेला चुलीत. रोज थोडं थोडं. सोमवारी वजन करतील तेव्हा डॉक्टरांच्या तोंडावर मारीन म्हटलं, बघा, आहे का गरज तुमच्या नळीची! हे घोट घोट पीत होते, मध्ये थांबत होते, पण पीत होते. वाडगा संपवायचाच असं ठरवून प्यायल्यासारखे पीत होते.

"तू घे की," ते म्हणाले. "गार होईल. मीठ घालून घे."

मी डोळे पुसले आणि पहिला चमचा घेतला. ई! शिजवलेलं कोमट पाणी नुसतं, जिभेवर तुपकट लागून खाली जातंय. इतकं अळणी मी जन्मात काही प्यायले नव्हते. ह्यासाठी हा माणूस इतकी वर्षं जीव टाकत होता! हसायलाच आलं मला. बाटली उचलली, उलटी केली, हलवली. काही पडलं नाही. जोरात हलवली. काही नाही. तळहातावर आपटली. एक कण नाही.

बाटली डोळ्यांसमोर धरली. झाकणाची भोकं बुजली होती, त्यांत मिठाचे पांढरे खडे घट्ट बसले होते. आत तळापासून मानेपर्यंत सगळ्या मिठाचा एकच गठ्ठा झालेला, ओल लागू नये म्हणून टाकलेले तांदळाचे दाणेही त्यात रुतून बसलेले. पावसाची हवा आणि महिनाभर गिऱ्हाईक नाही. त्या बाटलीतून कित्येक दिवसांत मीठ पडलंच नसणार. आमच्या ह्यांच्या वाडग्यातही पडलं नव्हतं.

मी समोर बघितलं. ते वाडग्यात मान घालून शेवटचे घोट घेत होते. पहिला चमचा तसाच प्यायचा, म्हणायचं मीठ कमी हाय. थोडं घालायचं, परत प्यायचं, अजून थोडं, मग बरोबर येतं. मुलीला लहानपणी पाठ होती ती सगळी गोष्ट त्यांनी मला करून दाखवली होती. जिभेला काही कळलं नव्हतं. पहिलं वाक्यही पाठांतरच होतं.

असं वाटलं की ती बाटली त्या गोऱ्या पोरांच्या फोटोंवर फेकून मारावी. तंबाखूला, शेकाला, देव्हाऱ्यातल्या देवाला, सगळ्यांना शिव्या घालाव्यात. ह्यांचा खांदा धरून गदागदा हलवावं, कशाला खोटं बोललात म्हणून विचारावं. आणि कशाला ते मला माहीत होतं. समोर माझं तोंड होतं ना, आशेने उघडलेलं.

त्यांनी मान वर केली. मी बाटली माझ्या वाडग्यावर धरली, दोनदा हलवली, चमच्याने ढवळलं आणि घोट घेतला.

"आलं बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर हाय," मी म्हटलं. आणि ते सगळं सूप मी प्यायले. अळणी, तुपकट, तरी तळापर्यंत प्यायले.

ती मणिपूरची मुलगी वाडगे उचलायला आली. दोन्ही रिकामे बघून खूश झाली बिचारी. टेबल पुसताना तिने बाटली हातात घेतली, झाकणाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अय्यो, सॉरी आंटी! ये तो पूरा जम गया है. इसमें से तो नमक निकला ही नहीं होगा! आप लोगों ने ऐसे ही पी लिया?" आणि आम्ही काही बोलायच्या आत धावत जाऊन एका वाटीत मीठ घेऊन आली. आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. कोरडं, पांढरं, बारीक मीठ.

तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी मिठाकडे बघत होते आणि हे माझ्याकडे. दोघंही पकडले गेलो होतो. त्यांनी हात पुढे केला, वाटीतलं मीठ सवयीने चिमटीत घेतलं, आणि मग बहुधा लक्षात आलं की टाकायला काही नाही. चिमूट परत वाटीत सोडली.

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. रिक्षा मिळाली. ह्या वेळी मी रिक्षावाल्यावर ओरडले नाही, सारखा खड्ड्यांतून नेत होता तरी. हे जबडा धरून बाहेर बघत बसले होते. आमची बिल्डिंग दिसायला लागली तेव्हा बोलले.

"नळी सोमवारी घालतात काय?"

"वजन बघून," मी म्हटलं. "तुमी नको म्हटलात तर—"

"घालू दे. जाऊ सोमवारी."

मी पदर डोळ्यांना लावला. मला हेच तर हवं होतं. ह्याच एका गोष्टीसाठी मी घसा फोडून भांडले होते. आणि आता ते हो म्हणाले तर मलाच ते नको वाटायला लागलं. रिक्षा गेटापाशी थांबली. मी आधी उतरले आणि त्यांना हात दिला. ते लगेच उतरले नाहीत. माझा हात धरून तसेच बसून राहिले.

"त्या नळीतून जे काय घालशील ना," ते म्हणाले, "त्यात मीठ घाल. त्या दिवशीसारखी विसरू नको."